घरच्या घरी लोअरिंग स्प्रिंगा बसवणे: काम, मापं आणि नंतरचे आवाज

टॉर्करेंच
मूळ शॉकअप तसेच ठेवून फक्त स्प्रिंगा बदलायच्या आणि गाडी २५ ते ४० मिमी खाली आणायची, एवढ्यापुरता हा धागा. कॉइलओव्हर (उंची कमीजास्त करता येणारे स्प्रिंग-शॉकअपचे जोड) इथे नकोत. पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला खांब) आणि मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागची चाकं जोडणारा आडवा तुळईवजा भाग), म्हणजे बहुतेक छोट्या हॅचबॅकची मांडणी, असं धरून लिहितोय.

आधी माप. गाडी सपाट जागी, रिकामी, टायरमध्ये हवा बरोबर. चारही चाकांच्या मध्यबिंदूपासून वर मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर घ्या आणि लिहून ठेवा. जमिनीपासून घेऊ नका. टायर मध्ये आला की हवेचा नि झिजेचा फरक मापात शिरतो. हे माप फोटोखाली मिरवायला नाही, बुश (सांध्यातले रबरी भाग) आवळताना लागणार आहे.

पुढची बाजू. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करा. मग दोन्ही बाजू एकदम उचलून घोड्यांवर (आधाराच्या स्टँडवर) ठेवा. एकच बाजू उचलली तर अँटीरोल बार (वळणात गाडी कलंडू न देणारी आडवी दांडी) पिळलेला राहतो आणि त्याला स्ट्रटशी जोडणारा लिंक रॉड सुटताना झटका देतो. काम मात्र एका वेळी एकाच बाजूचं करा, म्हणजे काय कसं होतं ते बघायला दुसरी बाजू शाबूत असते.

चाक काढल्यावर ब्रेक होसची (ब्रेकच्या रबरी नळीची) क्लिप आणि एबीएसची वायर स्ट्रटवरून मोकळी करा. लिंक रॉडचा नट सोडताना मधला बॉलजॉइंट सोबत फिरतो, तो ॲलन कीने धरावा लागतो. तिथले आटे आदल्या दिवशी ब्रशने साफ करून गंज सोडवणारं तेल मारलेलं बरं, नाहीतर ॲलनचं तोंड गोल होतं आणि लिंक कापायची वेळ येते.

स्ट्रट नकलला (चाकाचा हब धरणाऱ्या भागाला) दोन बोल्टांनी धरलेला असतो. सोडण्याआधी नकल आणि स्ट्रट दोन्हींवर रंगाने आडवी खूण करा. नट फिरवा, बोल्ट नको: पुष्कळ गाड्यांत बोल्टच्या दांड्यावर बारीक दाते असतात आणि डोकं फिरवलं की भोक खरवडून निघतं. बोल्ट निघाले की नकल बाहेर कलंडतो आणि ड्राइव्ह शाफ्टचा आतला जॉइंट ओढला जातो. म्हणून नकल आधीच वायरने बांधून ठेवा. ब्रेक होसवर वजन अजिबात येऊ द्यायचं नाही.

शेवटी बॉनेटखालचे माउंटिंगचे बाहेरचे नट, बहुधा तीन. एका हाताने स्ट्रट धरूनच शेवटचा नट काढा. मधल्या मोठ्या नटाला या वेळी हात लावायचा नाही. तो सुटला तर दाबलेली स्प्रिंग सगळं घेऊन उसळते.


आटेपाडे
मधल्या नटाबद्दल थोडा मतभेद. तो गाडी जमिनीवर असतानाच पाव फेरा सैल करून ठेवावा. गाडीचं वजन वर असतं तेव्हा दांडा कमी फिरतो. बाकावर घेतल्यावर दांडा गरागरा फिरतो आणि मग लोक इम्पॅक्ट गन मारतात किंवा पक्कडीने दांडा धरतात. दांड्यावरच्या क्रोमला एक ओरखडा पुरतो, शॉकअपचं सील तिथूनच कापलं जातं.


टॉर्करेंच
पाव फेऱ्यापुरतं मान्य, त्यापुढे नाही. आणि ज्या गाड्यांत वरून तोच एक नट स्ट्रटला बॉडीशी धरून ठेवतो, तिथे हे करूच नये. आरपार सॉकेट मिळत असेल तर त्याच्या मधून ॲलन घालून बाकावर काम सरळ होतं. तुमचं नि माझं एवढं तरी जुळतं की पक्कड नको.


नवशिक्या
स्प्रिंग कॉम्प्रेसरची फार भीती वाचली आहे. दोन हुकांचा साधा चालतो का?


टॉर्करेंच
चालतो, पण भीती ठेवलेली चांगली. एका छोट्या गाडीच्या पुढच्या स्प्रिंगचा ताठपणा २२ न्यूटन प्रति मिमी धरा. ती कॉम्प्रेसरमध्ये एकूण १०० मिमी दाबली जाते, म्हणजे २२०० न्यूटन, साधारण २२५ किलोचा जोर दोन हुकांवर.

हुक समोरासमोर, बरोबर १८० अंशांवर. जितके जास्त वेढे कवेत घेता येतील तितके घ्या. आट्यांना ग्रीस. दोन फेरे इकडे, दोन फेरे तिकडे, साध्या पान्याने. गनने आटे तापून जाम होतात. हुकाला सेफ्टी पिन असेल तर ती लावाच, कारण पिंपासारख्या फुगीर स्प्रिंगवर हुक घसरत घसरत एका बाजूला येतात आणि स्प्रिंग केळ्यासारखी वाकते. तशी वाकलेली दिसली की थांबा, सगळं सैल करून हुक पुन्हा लावा. तोंड किंवा छाती स्प्रिंगच्या टोकासमोर कधीच आणू नका. स्प्रिंग वरच्या बैठकीपासून सुटून हाताने हलायला लागली की पुरे, त्याहून जास्त दाबायची गरज नसते.

काढताना सगळ्या भागांचा क्रम आणि दिशा फोटोत घ्या: स्प्रिंग, वरची बैठक, बेअरिंग, माउंटिंग, नट. बेअरिंग उलटं बसलं तरी बसल्यासारखं वाटतं, पण स्टीअरिंग फिरवल्यावर आवाज सुरू होतो. हाताने फिरवून बघा. खरखर लागली तर माउंटिंगसकट आत्ताच बदला, नाहीतर हीच सगळी मेहनत पुन्हा आहे.

नवीन स्प्रिंग बसवताना खालचं टोक बैठकीच्या खाचेला टेकलंच पाहिजे. छापलेली अक्षरं सुलट वाचता आली की दिशा बरोबर. डाव्या-उजव्या स्प्रिंगांचे पार्ट नंबर वेगळे आहेत का ते पेटीवर बघा.


गणिती_गॅरेज
नवीन स्प्रिंगसाठी कॉम्प्रेसर लागतच नाही किंवा जेमतेम लागतो, हे अनेकांना नवल वाटतं. त्याचं कारण समजलं की लोअरिंगची मर्यादाही समजते, म्हणून हिशेब मांडतो. आकडे उदाहरणाचे आहेत, स्प्रिंग आणि चाक सारखंच हलतं असं धरलंय.

एका पुढच्या चाकावर बॉडीचं वजन ३५० किलो, म्हणजे ३४३४ न्यूटन. मूळ स्प्रिंग २२ न्यूटन प्रति मिमी. ती उभ्या गाडीत १५६ मिमी दबलेली असते. चाक लोंबकळताना शॉकअप अजून ८० मिमी उघडतो असं धरा. तरी स्प्रिंग ७६ मिमी दबलेली राहते, बैठक सोडत नाही.

आता ३० मिमी खाली नेणारी, ३० टक्के ताठ स्प्रिंग घ्या: २८.६ न्यूटन प्रति मिमी. वजन तेच, म्हणून ती १२० मिमीच दबते. गाडी ३० मिमी खाली बसली, तर लोंबकळताना शॉकअप ११० मिमी उघडणार. उरले १० मिमी. म्हणून ती जवळजवळ हाताने बसते. हीच स्प्रिंग ४५ मिमी खाली नेणारी केली तर शॉकअप १२५ मिमी उघडतो आणि स्प्रिंग ५ मिमी सैल पडते. मोठ्या खड्ड्यात किंवा उडीत ती बैठकीतून फिरते आणि परत येताना तिरकी बसते. जास्त उतार देणाऱ्या स्प्रिंगांच्या एका टोकाला जवळजवळ वेढे दिसतात ते यासाठी: गाडी उभी असताना ते मिटलेले असतात, भार वाहत नाहीत, फक्त लोंबकळताना उघडून स्प्रिंगला बैठकीत धरून ठेवतात.

दुसरा हिशेब बंप स्टॉपचा (शॉकअप पूर्ण दबताना शेवटी टेकणाऱ्या रबराचा), आणि सगळ्या धाग्यात हाच महत्त्वाचा आहे असं माझं मत. मूळ उंचीला बंप स्टॉप टेकायला ६० मिमी जागा धरा. तिथवर पोचायला १३२० न्यूटन जादा जोर लागायचा. ३० मिमी खाली आल्यावर जागा निम्मी, जोर ८५८ न्यूटन. म्हणजे ताठ स्प्रिंग टाकूनही गाडी आधीपेक्षा लवकर रबरावर आपटते. 'स्प्रिंगा फार कडक आहेत' अशी जी तक्रार असते, त्यातल्या बऱ्याच वेळा स्प्रिंग नव्हे, बंप स्टॉप कडक लागत असतो. रबर १५ मिमी कापलं तर जागा ४५ मिमी आणि जोर १२८७. जवळपास मूळ पदावर.


खडखडाट
कापायचं कुठून? निमुळतं टोक की जाड?


गणिती_गॅरेज
स्प्रिंग बनवणाऱ्याने माप आणि बाजू दिली असेल तर तीच. दिली नसेल तर वरची जाड बाजू कापतात आणि निमुळतं टोक ठेवतात, कारण पहिला स्पर्श मऊ ठेवण्याचं काम तेच टोक करतं. बंप स्टॉप शॉकअपला आतून धातूवर धातू आपटण्यापासून आणि टायरला मडगार्डच्या आत घासण्यापासून वाचवतो. म्हणून जितकी गाडी खाली आली तितकं सगळं कापायचं नाही. कापल्यावर शक्य असेल तर स्प्रिंगशिवाय स्ट्रट बसवून, जॅकने चाक वर नेऊन, स्टीअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून बघा टायर कुठे लागतो ते. कंटाळवाणं काम आहे, पण घासण्याचा प्रश्न तिथेच निकालात निघतो.


आटेपाडे
शॉकअपचंही बोला. ताठपणा ३० टक्क्यांनी वाढला तर लागणारं डॅम्पिंग (हेलकावे थांबवणारा शॉकअपचा विरोध) त्याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात, म्हणजे साधारण १४ टक्क्यांनी वाढतं. चांगल्या स्थितीतला मूळ शॉकअप एवढं सांभाळून घेतो. आधीच थकलेला असेल तर गाडी खड्ड्यानंतर दोनदोनदा हेलकावते. तेल पाझरलेलं असेल, किंवा दांडा हाताने दाबताना मध्येच पोकळ लागत असेल, तर स्प्रिंगांसोबत शॉकअपही बदला. स्ट्रट उघडलेलाच आहे, पुन्हा उघडण्यात काय हशील?


टॉर्करेंच
मागची बाजू सोपी आहे, थोडक्यात. पुढच्या चाकांना अडसर, मागून दोन्ही बाजू घोड्यांवर, बीमखाली जॅक. दोन्ही शॉकअपचे खालचे बोल्ट काढा, जॅक हळूहळू उतरवा, स्प्रिंग हाताने निघते. बीम उतरताना एक डोळा ब्रेक होसवर, एक हँडब्रेकच्या केबलवर. ताणल्यासारखं वाटलं की क्लिप मोकळी करा. वरखालची रबरी बैठक साफ करून परत लावा, फाटली असेल तर नवी. स्प्रिंगचं टोक रबराच्या पायरीला टेकवून जॅक वर घ्या आणि वर घेताना ती फिरत नाही ना ते बघा. बोल्ट घाला, पण आवळू नका.


नवशिक्या
आवळू नका म्हणजे?


टॉर्करेंच
लोअर आर्म (नकलला खालून बॉडीशी जोडणारा हात), बीम, शॉकअपचं खालचं टोक, या सगळ्यांतल्या रबरी बुशमध्ये आतली नळी, रबर आणि बाहेरची नळी एकमेकांना चिकटवलेली असतात. बोल्ट आवळला की आतली नळी ब्रॅकेटला पक्की होते. त्यानंतर आर्म हलतो तो रबर पिळूनच. चाक लोंबकळत असताना आवळलं, तर गाडी खाली बसताच रबर कायमचं पिळलेलं राहतं. एकतर गाडी अपेक्षेपेक्षा ५-१० मिमी वर राहते, आणि काही महिन्यांत बुश फाटतो.

म्हणून आर्मखाली किंवा बीमखाली जॅक लावून, चाकाचा मध्य ते मडगार्ड हे माप नव्या उंचीला आणा. आधी ३८५ मिमी होतं आणि उतार ३० मिमीचा आहे, तर ३५५ ला. मगच आवळा. जॅक लावताना घोडीवरून गाडी उचलली जात नाही ना ते बघत राहा. त्यापेक्षा चारही चाकं रॅम्पवर घेऊन आवळणं जास्त सुरक्षित. आणि हो, लोअर आर्मचे आतले बोल्ट तुम्ही सोडले नसले तरी आता एकदा सैल करून नव्या उंचीला पुन्हा आवळायचे. ते कंपनीने जुन्या उंचीला आवळलेले आहेत. हे काम जवळजवळ कोणी करत नाही.


आटेपाडे
टॉर्कचे आकडे गाडीच्या मॅन्युअलमधूनच. एका मॉडेलचा आकडा दुसऱ्याला लावू नये. ज्या बोल्टाला 'इतके न्यूटन-मीटर आणि वर ९० अंश' असं दिलेलं असतं तो ताणला जाणारा बोल्ट, परत वापरायचा नाही. स्ट्रटच्या मधल्या नटाला ॲलन धरल्यावर साधा टॉर्क रेंच लागत नाही. कावळ्याच्या पायासारखं उघडं सॉकेट मिळतं ते रेंचला काटकोनात लावा. काटकोनात असेल तर रेंचवरचा आकडा तसाच धरता येतो, सरळ रेषेत लावलं तर खरा टॉर्क जास्त पडतो.


डावीकडचं_चाक
अलाइनमेंट लगेच करायचं की स्प्रिंगा बसल्यावर? दोन्ही सल्ले मिळालेत.


गणिती_गॅरेज
दोन्ही बरोबर आहेत. चांगल्या स्प्रिंगा कारखान्यातच दाबून स्थिर केलेल्या असतात, त्या फारशा बसत नाहीत. बसतात ती रबरं, माउंटिंग आणि बुश, काही मिमी. पण टो (वरून बघितल्यावर चाकं आत किंवा बाहेर वळलेली असणं) आत्ताच बिघडलेला असतो आणि टायर खातो तो मुख्यतः टोच. म्हणून पहिल्याच दिवशी टो सरळ करून घ्या आणि ३००-५०० किमीनंतर पूर्ण अलाइनमेंट.

क्रम लक्षात ठेवा: आधी कॅम्बर (समोरून बघितल्यावर चाकाचा कल), मग टो. कॅम्बर हलवला की टो हलतो, उलट तितकं होत नाही. मॅकफर्सनमध्ये ३० मिमी उतरल्यावर पुढचा कॅम्बर साधारण अर्धा अंश आत झुकतो, गाडीगणिक कमीजास्त. मर्यादेबाहेर गेला तर कॅम्बर जुळवायला नकलसाठी कॅम बोल्ट मिळतात. त्यांचा दांडा बारीक असतो, म्हणून टॉर्क बोल्टसोबत दिलेलाच लावायचा, मूळ बोल्टचा नव्हे. टॉर्शन बीमला मागे सहसा काही जुळवता येत नाही, फक्त तपासून घ्या.

अजून एक, जे जाहिरातीत नसतं. उभ्या गाडीत लोअर आर्म बाहेरच्या टोकाला थोडा खाली झुकलेला असतो. गाडी उतरली की तो आडवा होतो आणि फार उतरली तर बाहेरचं टोक वर जातं. तेव्हा रोल सेंटर (वळणात बॉडी ज्याभोवती कलंडते तो बिंदू) गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा जास्त वेगाने खाली येतं. दोघांतलं अंतर वाढतं आणि वळणात बॉडीला कलंडवणारा जोरही वाढतो. म्हणून ५०-६० मिमी उतरवलेली मॅकफर्सनवाली गाडी दिसायला बसकी पण वळणात वाईट असू शकते. ३० च्या आसपास थांबण्यात शहाणपण आहे ते यामुळे.


खडखडाट
जुन्या गाड्यांसाठी एक इशारा. मागच्या ब्रेकवर लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह असेल, म्हणजे ॲक्सलपासून बॉडीवरच्या व्हॉल्व्हला जाणारी दांडी किंवा बारीक स्प्रिंग दिसत असेल, तर गाडी खाली आल्यावर त्याला वाटतं मागे सामान भरलंय. तो मागच्या ब्रेकला जादा दाब देतो. ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारला की मागची चाकं आधी लॉक. दांडीचं जुळवणं मॅन्युअलप्रमाणे नव्याने करावंच लागतं, आणि लोक दिवे तपासतात पण हे विसरतात.

दिव्यांचंही आहेच. पुढे-मागे सारखा उतार असेल तर झोताचा कोन बदलत नाही, नुसती उंची कमी होते. पुढचा उतार जास्त असेल तर झोत जमिनीकडे जातो. आपोआप जुळणारे दिवे असतील तर मागच्या आर्मवरच्या सेन्सरचं शून्य नव्याने लावावं लागतं. काचेमागे कॅमेरा असलेल्या गाड्यांत त्याचंही कॅलिब्रेशन विचारून घ्या.


डावीकडचं_चाक
शेजारच्या गाडीवर स्प्रिंगचा एक वेढा कापून टाकलेला पाहिला. नवीन घेण्यापेक्षा तेच का नको?


गणिती_गॅरेज
आकड्यांत ते तितकं वाईट दिसत नाही, खोट टोकाला आहे. ताठपणा काम करणाऱ्या वेढ्यांच्या व्यस्त प्रमाणात असतो. सहापैकी एक कापला तर पाच उरले, ताठपणा २० टक्क्यांनी वाढला. पण बैठकीच्या आकाराला वळवलेलं टोक गेलं. कापलेली धार एका बिंदूवर टेकते, स्प्रिंग कलते, दांड्यावर आडवा जोर येतो आणि सील-बुश झिजतात. गॅसने कापली असेल तर जवळच्या तारेचा पाणी दिलेला कस उतरतो. वरचं आवरण निघालं की गंज तिथूनच धरतो आणि तुटतेही तिथूनच.


नवशिक्या
बसवून झालं. स्टीअरिंग जागेवर फिरवलं की 'टुंग' असा आवाज येतो आणि छोट्या खड्ड्यांवर वेगळीच ठकठक. डावी पुढची बाजू उजवीपेक्षा ७ मिमी वर आहे.


टॉर्करेंच
तिन्ही वेगळे धरून बघा. 'टुंग' म्हणजे स्प्रिंग पिळली जाऊन सुटतेय: वरचं बेअरिंग फिरत नाही, उलटं बसलंय, किंवा खालचं टोक खाचेत नाही. एकाने स्टीअरिंग फिरवायचं, दुसऱ्याने चाकाच्या पोकळीतून नुसतं बघायचं, हात घालायचा नाही. स्प्रिंग अडखळत झटक्याने फिरताना दिसेल. टोक खाचेवर चढून बसलं असेल तर तेवढ्यानेच एक बाजू काही मिमी वर राहते, म्हणजे तुमचे दोन प्रश्न एकच असू शकतात. टोक नीट असेल तर डाव्या आर्मचे बोल्ट सैल करून, गाडी चाकांवर घेऊन, दोनदा दाबून पुन्हा आवळा आणि माप घ्या.

ठकठक बहुधा लिंक रॉडच्या नटाची किंवा वरच्या मधल्या नटाची. बॉनेट उघडून माउंटिंगवर हात ठेवा, दुसऱ्याला कोपरा दाबायला सांगा. हाताला ठोका लागला तर वरचा नट.


आटेपाडे
आणि हे सगळं नीट असूनही मोठ्या खड्ड्यानंतर 'चट' असा आवाज राहिला, तर ते जवळजवळचे वेढे एकमेकांवर आपटताहेत. त्या वेढ्यांवर चढवायची रबरी नळी बऱ्याच सेटसोबत पेटीतच येते आणि पेटीतच राहते. नवशिक्या, पेटी टाकली नसेल तर बघा. नायलॉनचे नट जुनेच परत लावले असतील तर स्ट्रट उघडलाच आहे तेव्हा तेही नवे घाला. १०० किमीनंतर चाकांचे नट, लिंक रॉड आणि नकलचे बोल्ट टॉर्क रेंचने एकदा तपासा.


नवशिक्या
डावीकडचं टोक खाचेच्या साधारण एक बोट पुढे होतं. नळीही पेटीत सापडली. स्ट्रट परत खाली काढतोय.